पाती बघायला आलेल्या बाई

फ्रान्सहून टर्बाइनचा फार मोठा तज्ज्ञ येतोय, असं आमच्या मुदीरसाहेबांनी जाहीर केलं आणि त्याला विमानतळावरून आणायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मुदीर म्हणजे मॅनेजर. कुवेतमध्ये हा शब्द तोंडात इतका बसतो की एकदा चिपळूणच्या बँकेत मी शिपायाला, "मुदीर आहेत का आत?" असं विचारलं होतं. "तशी स्कीम आमच्याकडे नाही," असं त्यानं सांगितलं.

आमचं केंद्र समुद्राकाठी आहे. तिथं वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज तयार होते आणि उरलेल्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं होतं. उन्हाळ्यात सगळा देश एसी लावून बसतो, तेव्हा मशीन बंद ठेवायची सोय नसते. म्हणून दुरुस्त्या सगळ्या थंडीत. त्या वर्षी आमचं सगळ्यात जुनं टर्बाइन थंडीत उघडलं, पुसलं, जोडलं, आणि ते थरथरायला लागलं. थोडा भार घेतला की ठीक. जास्त भार दिला की हिव भरल्यासारखं कापायचं आणि स्वतःच बंद पडायचं. मेकॅनिकलवाले म्हणत, दोष मीटरवाल्यांचा. मीटरवाले म्हणत, दोष मेकॅनिकलवाल्यांचा. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे दोष कुणाचा याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

तर मी पाटी घेऊन विमानतळावर उभा राहिलो. पाटीवर मिस्टर आणि पुढे फ्रेंच आडनाव. पॅरिसच्या विमानातून एक उंच, दाढीवाले, भारदस्त गृहस्थ बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. मी त्यांची ट्रॉली घेतली आणि गाडीपर्यंत चालता चालता टर्बाइनची सगळी दुखणी सांगून टाकली. त्यांनी फार सहानुभूतीनं ऐकलं. गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "मी अत्तरं विकतो. तुम्ही हॉटेलचेच ना?"

मी धावत परत आलो. बाहेर पडण्याच्या दारापाशी एक पांढऱ्या केसांच्या, लहानखुऱ्या बाई आपल्याच सुटकेसवर बसून संत्रं सोलत होत्या. माझ्या काखेतल्या पाटीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "नाव माझं आहे. मिस्टर तेवढा तुमचा."

अर्धं संत्रं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. आमची ओळख झाली ती अशी.

केंद्रात बाईमाणूस ही काही नवलाई नव्हती. आमच्या कंट्रोल रूममध्ये दोन कुवेती मुली इंजिनिअर आहेत आणि पाळीवर त्या असल्या की पुरुष मंडळी जरा नीट वागतात. सगळ्यांना धास्ती होती ती बाईंच्या वयाची. सत्तरीला टेकलेल्या, निवृत्त झालेल्या, गुडघे वाजणाऱ्या. सुरक्षा अधिकारी इजिप्तचा होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही जिन्यावरून पडली तर मी कुणाला तोंड दाखवू?" तेवढ्यात बाई टर्बाइनच्या मजल्यावर पोचून खाली वाकून विचारत होत्या, "तुम्ही येताय ना?"

पहिला दिवस टर्बाइन हळूहळू गरम करण्यात गेला. फ्रेंच माणसाला इंग्रजी 'ह' जड जातो, हे मला ठाऊक होतं, पण आमच्या मालवणच्या फिटरला नव्हतं. तो कोपऱ्यात डबा उघडून बसला होता. बाई त्याच्याजवळून जाताना वाफेच्या झडपेकडे बघत कडक आवाजात म्हणाल्या, "ईट स्लोली! व्हेरी स्लोली!" त्यांना म्हणायचं होतं, मशीन सावकाश तापवा. फिटर दचकला. मग प्रत्येक घास बत्तीसदा चावून खायला लागला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बाई आमच्या आयेसारखी हा. पण सायबांनू, इतक्या सावकाश जेवलंय तर डूटी कधी करू?"

पहिल्याच दिवशी संध्याकाळी भार वाढवला. टर्बाइन ठरल्याप्रमाणे कापलं आणि बंद पडलं. बाई खुर्चीत बसून राहिल्या. मला वाटलं, दमल्या. त्या हळूच म्हणाल्या, "पाती असतील. शेवटच्या रांगेतली."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. भीतीवरून. ती पाती मी केलीत."

ही गोष्ट मुदीरसाहेबांनाही ठाऊक नव्हती. कंपनीनं निवृत्त माणसांपैकी कोण जाईल असं विचारल्यावर बाईंनीच हात वर केला होता. पुढचे काही दिवस मशीन थंड होईपर्यंत उघडता येणार नव्हतं. रोज सकाळी सालमियातल्या हॉटेलवरून त्यांना घेऊन मी फहाहीलच्या रस्त्याला लागायचो, तिथं गाड्या मुंगीच्या पावलानं सरकायच्या, आणि बाईंचं आयुष्य मला त्या कोंडीत हप्त्याहप्त्यानं मिळालं. इंग्रजीत तू-तुम्हीची भानगड नसते. तरी त्या मला 'तू' म्हणतायत हे पहिल्याच सिग्नलला कळलं होतं.

त्यांचं गाव आल्प्सच्या डोंगरात. वडील एका छोट्या जलविद्युत केंद्राचे राखणदार. मी सांगितलं, माझं गाव पोफळीच्या अलीकडे, आमच्याही डोंगराच्या पोटात टर्बाइनं आहेत. त्यावर त्यांनी माझा हात दाबला आणि मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न. त्यांच्या आईला वाटायचं, पोरीनं शाळामास्तरीण व्हावं. पोरगी गेली इंजिनिअरिंगला. वर्गात एकटी मुलगी. प्राध्यापक आत आले की म्हणायचे, "नमस्कार, सद्गृहस्थहो." शेवटच्या वर्षी एक दिवस ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नमस्कार, सद्गृहस्थहो. आणि तुम्ही." बाई म्हणाल्या, "खरी पदवी मला त्या दिवशी मिळाली. नंतर दिला तो कागद."

नोकरी लागली टर्बाइन बनवणाऱ्या कारखान्यात, नकाशे काढायच्या खोलीत. त्या काळी शेवटच्या रांगेतली पाती लांब करायची सगळ्यांना घाई झाली होती, कारण पातं लांब तर वीज जास्त. पण लांब पातं वाऱ्यातल्या माडासारखं हलतं, आणि हलता हलता एक दिवस मोडतं. वरिष्ठ मंडळी पाती जाड करत होती. या सव्वीस वर्षांच्या बाईंनी वेगळंच काढलं. पात्यांची टोकं अशी घडवायची की मशीन थांबलेलं असताना ती सुटी राहतील, पण वेगानं फिरायला लागली की पीळ उलगडून शेजारणीला टेकतील. मग एकीला हादरा बसला तरी बाकीच्या धरून ठेवतील.

"मग वरिष्ठ काय म्हणाले?"

"म्हणाले, गोड कल्पना आहे. पुरुष जेव्हा गोड म्हणतो, तेव्हा तो नाही म्हणत असतो."

दोन वर्षं त्यांनी, पाती वेगानं फिरवून बघतात त्या चाचणीच्या खड्ड्याशेजारी काढली. जाड पाती मोडली, बाईंची टिकली. ती पाती जगभर गेली. पहिला संच आमच्या कुवेतच्या या टर्बाइनमध्ये बसला. बसवायला मात्र बाईंना पाठवलं नाही. साइटवर बायका जात नसत, असा कारखान्याचा नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे खोडताही येत नव्हता. एक सहकारी गेला, त्यानं बसवली आणि परत येताना त्यांच्यासाठी पितळेची अरबी कॉफीची किटली आणली.

"राग आला?"

"किटली गळकी निघाली, त्याचा आला."

चार वर्षांनी त्यांनी राजीनाम्याची धमकी देऊन साइटचं काम मिळवलंच. कारखान्याच्या इतिहासात टर्बाइन चालू करायला गेलेली ती पहिली बाई. एका संध्याकाळी बाई आमच्या घरी जेवायला आल्या तेव्हा हे ऐकून माझ्या मुलीनं, ती आठवीत आहे आणि मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, पत्रकारासारखी मांडी घालून विचारलं, "त्यात सगळ्यात कठीण काय होतं?"

"संडास," बाई म्हणाल्या.

त्या पहिल्या साइटवर बायकांसाठी सोयच नव्हती. बाईंनी काम थांबवलं. कारखान्यापर्यंत तारा गेल्या. शेवटी एक सुंदर छोटी खोली बांधली, आत आरसा, बाहेर फुलाचं चित्र. बाई काम संपवून गेल्या त्या दुपारीच तिथल्या मोठ्या साहेबांनी फुलाचं चित्र काढून आपल्या नावाची पाटी लावली. माझी मुलगी इतकी हसली की तिच्या नाकातून सोलकढी आली, आणि कितीतरी महिन्यांनी ती शुद्ध मराठीत ओरडली, "आई गं!"

माझी बायको सरकारी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. ती माणसाला पहिल्या पाच मिनिटांत आपला पेशंट करून टाकते. तिनं घावन घातले. तव्यावर जाळी पडताना बघून बाई उठून ओट्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, हे तर आमचं क्रेप. बायको म्हणाली, हे तुमचं नाही, हे आमचं. तुमच्याकडे जाळी पडत नसणार. बाईंनी पळी हातात घेतली. पहिला घावन तव्याला चिकटला, दुसरा गुंडाळला गेला, तिसऱ्याला जाळी पडली. बाईंनी तो कुणालाच दिला नाही, उभ्यानंच खाल्ला. मग आपली पाती कशी काम करतात ते दाखवायला त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं, खांद्याला खांदा लावून, आणि फिरायला लावलं. बायको म्हणाली, "अहो, ही तर मंगळागौर!" मग तिनं बाईंना फुगडी शिकवली. खालच्या मजल्यावरचे केरळी डॉक्टर वर आले, भूकंप झाला का विचारायला. त्यांनाही घावन दिला.

जाण्याआधी बाईंनी मुद्द्याचं काढलं. त्यांना टर्बाइनच्या पोटात उतरून पाती बघायची होती, आणि सुरक्षा अधिकारी वैद्यकीय दाखल्याशिवाय परवानगी देत नव्हता. बायकोनं लगेच रक्तदाबाचं यंत्र काढलं. आधी बाईंचा मोजला, मग उगाच माझा. त्यांचा निघाला तरुण मुलीसारखा. माझा निघाला म्हाताऱ्यासारखा. "दाखला त्यांना मिळेल," बायको मला म्हणाली, "तुम्ही मात्र उद्यापासून लोणचं बंद." दुसऱ्या दिवशी तिच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाईंना तपासून रीतसर दाखला दिला.

टर्बाइनच्या मागच्या बाजूला माणूस जेमतेम शिरेल असं एक गोल तोंड असतं. मालवणी फिटरनं त्याचं झाकण काढलं. आतून दमट, कोमट वाफारा आला, भाताच्या कुकरसारखा. बाईंनी डोक्यावर दिवा बांधला, आणि मी नको नको म्हणत असताना आत शिरल्या. मागोमाग मी, कारण त्यांचं काही झालं असतं तर घरी बायकोनं माझं केलं असतं.

आत त्या लोखंडी तुळईवर बसल्या होत्या. समोर पात्यांची ती भली मोठी रांग, मोराच्या पिसाऱ्यासारखी, दिव्याच्या उजेडात चमकत होती. बाईंनी हातमोजा काढला आणि एका पात्यावर तळवा ठेवला. फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं.

"मी म्हटलं, उशीर झाला, माफ कर."

एकेका पात्याची कड त्या बोटानं चाचपत गेल्या. वाफेतल्या थेंबांनी कडा झिजून खरखरीत झाल्या होत्या. "सुरकुत्या," त्या म्हणाल्या. "मलाही आहेत. पण भेग नाही. एकीलाही नाही." टोकांचे सांधेही नीट होते. एवढी वर्षं फिरून, मधल्या युद्धात बंद पडून पुन्हा चालू होऊन, एकसुद्धा पातं हललेलं नव्हतं. बाईंचे डोळे भरले होते. आतल्या वाफेनं भरलेत असं मी ठरवलं, आणि माझेही त्याच कारणानं भरलेत असं त्यांनी ठरवलं असावं.

बाहेर आल्यावर बाई आनंदानं फुलल्या होत्या, आणि अर्ध्या तासात कोमेजल्या. पाती चांगली होती हे उत्तम, पण मग रोग कुठला? तिकडे मुदीरसाहेब येरझाऱ्या घालत होते. पात्यांच्या संशयात आमचे इतके दिवस गेले होते. बाई सरळ त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "माझा अंदाज चुकला. मला माझ्या पात्यांचीच काळजी होती, म्हणून मी दुसरीकडे बघितलंच नाही. आता बघते." मुदीरसाहेब मोठे तालेवार माणूस, परदेशात शिकलेले, पण समोरचा तज्ज्ञ 'चुकलो' म्हणतो हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी बाईंसाठी वेलचीचा चहा मागवला.

पुन्हा मशीन तापवायला घेतलं. आम्ही सगळे मीटरवर डोळे लावून उभे. बाई मात्र चहाचा पेला घेऊन टर्बाइनच्या पुढच्या टोकाला एक बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. चहा संपला तरी उठेनात. मी जवळ गेलो.

"हा राखाडी रंग छान आहे," त्या म्हणाल्या. "नवा दिसतो."

नवाच होता. दुरुस्ती संपता संपता वरून मोठे पाहुणे येणार होते, म्हणून सगळं टर्बाइन चकचकीत रंगवून काढलं होतं.

"लोखंड तापलं की वाढतं ना?" त्यांनी विचारलं. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावं तसं. "मग हे एवढं मोठं मशीन तापल्यावर लांबीला वाढणार. त्याचा हा पुढचा पाय या पाटावरून पुढे सरकायला हवा. सरकला असता तर या फटीवरचा रंग तडकला असता. बघ बरं, कुठं तडकलाय?"

मी गुडघ्यावर बसून बघितलं. पाय आणि पाट यांच्यावर एकच अखंड, गुळगुळीत थर होता, कपाटाच्या दारासारखा. शिवाय ग्रीस भरायची छोटी तोंडंसुद्धा रंगानं बुजून गेली होती. आत जुनं ग्रीस आणि वाळवंटाची धूळ मिळून चिक्की झाली होती. बिचारं टर्बाइन तापून वाढायला बघत होतं, पाय हलत नव्हता, म्हणून पाठीतून वाकत होतं आणि कापत होतं.

"पण पाय सरकतो की नाही हे दाखवणारा मीटर असतो," बाई म्हणाल्या. "तो काय म्हणतो?"

आम्ही सगळ्यांनी मीटरवाल्यांकडे बघितलं. मीटरवाल्यांनी जमिनीकडे बघितलं. त्या मीटरचा काटा हलत नाही म्हणून 'नादुरुस्त' असा कागद त्यावर त्यांनीच चिकटवला होता. मीटर ठणठणीत होता. एकटा तोच खरं बोलत होता.

"रंग लावायला कुणी सांगितलं होतं?" मुदीरसाहेब गरजले. सगळे छताकडे बघू लागले, कारण सांगितलं होतं त्यांनीच. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्यानं कुणी सांगितलं, त्याची रंगाची आवड फार चांगली आहे." मुदीरसाहेब आधी कान लाल करून उभे राहिले, मग इतके खळखळून हसले की त्यांच्या डोक्यावरचा गुत्रा, म्हणजे अरबी रुमाल, सरकला. पाय सरकायच्या आधी तोच सरकला.

पुढचे दोन दिवस फिटर आणि मंडळींनी रंग खरवडला, चिक्की काढली, नवं ग्रीस भरलं. मग मशीन सावकाश तापवलं. काटा आळसावलेल्या म्हशीसारखा उठला आणि चालायला लागला. भार वाढवला. अजून वाढवला. पूर्ण दिला. टर्बाइनवर कुणीतरी चहाचा भरलेला पेला ठेवला. त्यातला चहा हलला नाही. फिटरनं शिट्टी मारली, कंट्रोल रूममधल्या दोघी मुली खाली धावत आल्या आणि बाईंना मधे घेऊन त्यांनी फोटो काढले. मेकॅनिकल आणि मीटरवाल्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. दोष रंगाऱ्याचा निघाला, यासारखं दुसरं सुख नाही.

शुक्रवारी मुदीरसाहेबांनी बाईंना, मला आणि माझ्या घरच्यांना वफ्राला आपल्या शेतावर जेवायला नेलं. खजुराच्या झाडांखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, मध्ये भाताचं भलं मोठं ताट. मुदीरसाहेबांची आई बाईंहून थोरली, काळ्या पायघोळ अबायात, पाठीला उशा लावून बसलेली. तिनं बाईंना शेजारी बसवलं, मांसाचे चांगले तुकडे वेचून त्यांच्यापुढे सरकवले, आणि मुलाला दुभाषा करून चौकशी सुरू केली. नवरा? होता, शाळेत भूगोल शिकवायचा, आता नाही. मुलं? नाहीत. मग म्हातारी मुलाच्या कानात काहीतरी म्हणाली. मुदीरसाहेब अवघडले.

"काय विचारतायत?" बाईंनी हट्ट धरला.

"ती विचारते," ते चाचरत म्हणाले, "की तुम्हाला भाऊ नव्हते का, म्हणून तुम्हाला हे काम करावं लागलं?"

"दोन होते," बाई म्हणाल्या. "पण त्यांना ते जमलं नसतं."

हे अरबीत पोचलं मात्र, म्हातारी मांडीवर थाप मारून हसायला लागली. मग तिनं मुलाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, ते मुदीरसाहेबांनी भाषांतरित करायचं साफ नाकारलं. कंट्रोल रूममधल्या दोघींपैकी एक त्यांची पुतणी, तीही आली होती. तिनं हळूच आम्हाला सांगितलं, "आजी म्हणते, माझ्याही घरात तेच आहे, पण बोलू कुणाला?"

बाई परत गेल्या. जाताना बायकोनं दिलेलं तांदळाचं पीठ त्यांनी सामानात घातलं नाही, हातात धरून नेलं. सामान तपासणाऱ्यानं पिशवी उघडून हे काय म्हणून विचारलं, तर त्यांनी त्याला घावन कसे घालायचे ते सविस्तर सांगितलं. मागची रांग वाढत गेली. शेवटी त्यानं हात जोडून त्यांना पुढे पाठवलं.

त्या वर्षीचा उन्हाळा नेहमीसारखाच निर्दय होता. ऑगस्टमध्ये गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसायचा. सगळा देश थंड हवेत बसला होता आणि आमचं जुनं टर्बाइन न कुरकुरता पूर्ण भारानं चाललं होतं. एका दुपारी मी त्याच्याजवळ फोन धरला, तो संथ घुमणारा आवाज टिपला आणि बाईंना पाठवला. वाटलं, तज्ज्ञ काहीतरी मोलाचं सांगतील.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांच्याकडे गावातल्या मैत्रिणी पत्ते खेळायला आल्या होत्या, त्यांना त्यांनी तो आवाज मोठ्यानं लावून ऐकवला. "एक जण ऐकता ऐकता झोपली," बाईंनी लिहिलं होतं. "फार गाढ. तिला वर्षानुवर्षं झोपेचा त्रास आहे. जरा जास्त वेळाचा पाठवशील का?"

मी दुपारच्या सुट्टीत पुन्हा टर्बाइनच्या मजल्यावर गेलो आणि फोन धरून तासभर उभा राहिलो.